गळ्यातलं दुपटं

मित्रांनो, मी एक जुना कॉर्नेट आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हातारी वस्तू बोलायला लागली की ती गोडच बोलणार, शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणणार, असं तुम्हाला वाटत असतं. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. आधी माझं सगळं ऐकून घ्या. मग माझा राग बरोबर की चूक, ते तुमचं तुम्ही ठरवा.

लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढे उभा राहून जो माणूस गाल फुगवून वाजवतो, त्याच्या हातातलं ते आखूड, गुंडाळलेलं पितळी वाद्य म्हणजे मी. एका टोकाला ओठ टेकायची वाटी, दुसऱ्या टोकाला फुलासारखा उघडलेला कर्णा आणि मधे तीन खटके. ट्रम्पेट हा माझा उंच भाऊ. आमच्या परतुरात मला कॉर्नेट कुणीच म्हणत नाही, बाजा म्हणतात. त्याचा मला राग नाही. रागाची कारणं वेगळी आहेत.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका गल्लीत दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज चालतो. आमची नळी वाकवताना ती मधेच चेपू नये म्हणून कारागीर तिच्या पोटात वितळलेली राळ ओततात, थंड झाल्यावर नळी वाकवतात आणि मग पुन्हा तापवून ती राळ बाहेर काढतात. माझ्या गळ्यात काहीतरी कोंबलं जाण्याची ती पहिली वेळ. पण ती कोंबणाऱ्याला माझा आवाज हवा होता, म्हणून मी ती सोसली. पुढे ज्यांनी कोंबलं त्यांचं तसं नव्हतं.

मला परतुरात आणलं तातेरावांनी. तातेरावांचे वडील गावाच्या हुकमानं डफडं वाजवायचे. लग्न असो, मयत असो, हाक आली की हातातला घास ठेवून निघायचं. "न्हाई" म्हणायची सोय नव्हती. तातेराव तरुणपणी निजामाच्या घोडदळाच्या बँडमध्ये होते, तिथं त्यांनी कानानं वाजवायला शिकून घेतलं. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली आणि तातेरावांनी वडिलांच्याच हातानं ते डफडं आडात टाकायला लावलं. त्यानंतर काही वर्षांनी ते मला घेऊन परतूरच्या स्टेशनावर उतरले. घरी येऊन त्यांनी मला ताटात ठेवलं आणि सगळ्यांसमोर एक नियम सांगितला.

"ह्यो बाजा हुकमानं वाजायचा न्हाई. मर्जीनं वाजायचा. आन वाजला तं गावाच्या येशीपर्यंत ऐकू गेला पाहिजे."

तातेरावांच्या त्या बँडला साऱ्या तालुक्यातून बोलावणं यायचं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे मी असायचो. पण मला नाव मिळालं ते एका धुनेमुळे. तिला सगळे घोड्याची धून म्हणायचे. नवरदेव घोड्यावर बसला, घोडं अडून राहिलं, मागून वऱ्हाड ओरडायला लागलं की तातेराव मला ओठाला लावायचे. आधी एक लांबलचक हाक आणि मग टापा. तबडक, तबडक, तबडक डक डक! तबडक, तबडक, तबडक डक डक! घोडं निघायचंच. नवरदेवाच्या आत्याबाईसुद्धा धावायला लागायच्या.

तातेरावांना लिहिलेली सरगम वाचता येत नव्हती. ती धून त्यांनी आपल्या मुलाला, नागसेनला, तोंडानं शिकवली. बाजेवर, म्हणजे खाटेवर बसायचं, मांडीवर थाप मारायची आणि तबडक तबडक म्हणायचं. तोंडात चुकली की हातात बाजा द्यायचा नाही, ही रीत. "धून कुणाची?" असं कुणी विचारलं तर तातेराव म्हणायचे, "घोड्याची." त्यामुळे साऱ्या परतुराची पक्की समजूत झाली की ही धून तातेरावांनीच रचली. नागसेनचीसुद्धा तीच समजूत.

नागसेननं मला चाळीस वर्षं वाजवलं. चिंच आणि राखेनं असं घासायचा की कर्ण्यात तोंड दिसावं. मग गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आले. त्यांच्यापुढे आमचा बँड म्हणजे वादळात उदबत्ती. बोलावणी कमी झाली. आणि एका पावसाळ्यात नागसेनचे पुढचे चार दात गेले. मित्रांनो, दात गेले की कॉर्नेटवाला संपला. ओठाला मागून टेकू लागतो, तो उरत नाही. नागसेननं मला शेवटचं घासलं आणि खिळ्यावर टांगलं. दुसऱ्या वर्षी घर सारवताना कुणीतरी माझ्या कर्ण्यात प्लास्टिकची लाल फुलं खोचली. शोभेला! ज्यानं चाळीस वर्षं घोडी नाचवली त्याची फुलदाणी झाली. तरी मी गप्प राहिलो. दुसरं करणार काय होतो?

मग त्या घरात प्रिया नागसेनची सून म्हणून आली; सासऱ्याला ती मामा म्हणते. माहेर कुंभार पिंपळगावचं, जालन्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेली. तिचा नवरा राजानंद जालन्याला स्टीलच्या कारखान्यात. त्यांची मुलगी मोनाली चार वर्षांची असताना तिला निमोनिया झाला. अकरा दिवस दवाखान्यात होती. त्या अकरा दिवसांत प्रियाला एक सवय लागली, ती आजपर्यंत सुटलेली नाही. ती लेकीचे श्वास मोजते. भाकरी थापताना, केस विंचरताना, पोरगी झोपलेली असताना. मिनिटाला किती, वरवर चाललाय की खोल. मी खिळ्यावरून बघत असे. ओठ हलतात, आवाज नाही.

दवाखान्यातून येताना एक प्लास्टिकचं यंत्र मिळालं होतं. तीन नळकांड्यांत तीन गोट्या. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोट्या वर चढतात. मोनालीच्या दोनच चढायच्या. तिसरी जागची हलत नसे. ती तिसरी गोटी म्हणजे प्रियाची जन्माची वैरीण झाली.

मोनाली आठ वर्षांची झाली तेव्हा नागसेननं माझ्यातली फुलं काढली. प्रिया अंगणवाडीच्या बैठकीला गेली की तो नातीला बाजेवर बसवायचा आणि मांडीवर थाप मारायचा. तीन महिने नुसतं तोंडानं. मग मला तिच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी माझ्यातून जो आवाज निघाला तो म्हशीचं रेडकू अडकल्यासारखा होता. पण श्वास होता, मित्रांनो! ऊबदार, ओला, जिवंत श्वास. किती वर्षांनी!

आणि एक दिवस प्रिया लवकर घरी आली.

"मामा! तिच्या छातीला काय झाल्तं ते विसरले का तुम्ही?"

"विसरलो न्हाई, बाई. तिला दम लागू न्हाई म्हणूनच शिकवून राह्यलो."

"दम लागू नये म्हणून दम काढायचा? कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?"

"पुस्तकात न्हाई. माह्या बापाच्या तोंडात व्हतं."

"तुमच्या वडलांनी निमोनिया बघितला होता का?"

 प्रियानं ट्रंक उघडली. त्यात मोनालीच्या बाळपणाचं दुपटं होतं, जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याची तिनं घट्ट गुंडाळी केली आणि माझ्या कर्ण्यातून आत, जेवढं जाईल तेवढं, अंगठ्यानं कोंबलं. "आता फुंकून फुंकून बघा म्हणावं." मला पुन्हा खिळ्यावर टांगलं. खिळाही वर, मोनालीचा हात पोचू नये एवढ्या उंचीवर ठोकला.

मी तेव्हा प्रियावर किती चिडलो होतो म्हणून सांगू! पण दुपट्याला बाळाच्या टाळूच्या तेलाचा वास होता. त्या वासावर पूर्ण चिडता येत नाही. मी चिडलो आणि गुदमरलो, दोन्ही.

महिनाभरानं जालन्याला तपासणी होती. नागसेन बरोबर गेला होता. घरी आल्यावर त्यानं ते चार वेळा सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. डॉक्टर मॅडमनी ते गोट्यांचं यंत्र मोनालीच्या हातात दिलं. पोरीनं श्वास ओढला. पहिली चढली, दुसरी चढली, आणि तिसरी गोटी टकदिशी वर जाऊन तिथंच थांबली. मॅडमनी चष्मा वर केला. "हिला काय खायला घालून राह्यले तुम्ही?"

"बाजा," नागसेन म्हणाला.

मॅडम हसल्या. पाठीवर नळी ठेवून किती तरी वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. वाजवू द्या तिला. दमली की थांबवायचं, बाकी काही नाही."

घरी आल्या आल्या, पायातल्या चपलाही न काढता, प्रियानं माझ्या गळ्यातलं दुपटं ओढून काढलं. माफी मागितली नाही. बाजासमोर कोण माफी मागतं? पण त्या दिवसापासून मोनाली वाजवायला बसली की प्रिया मागे बसायची, तिच्या पाठीवर तळहात ठेवून. लेक वाजवायची आणि आई मोजायची. असा दुहेरी पहारा मेरठच्या माझ्या एकाही भावंडाला मिळाला नसेल.

मोनाली सहावीत गेली. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन ठरलं, आणि तिनं घोड्याच्या धुनेसाठी नाव दिलं. सांस्कृतिक कार्यक्रमाचे प्रमुख होते बद्रीनाथ सर. त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि मोनालीकडे बघितलं.

"कॉर्नेट म्हणजे? तो वरातीतला बाजा?"

"हो सर."

"अगं, शाळेचा मंच आहे. लोक म्हणतील, लगीन लागून राह्यलं का काय! तू असं कर, समूहनृत्यात उभी राहा. मागच्या ओळीत."

वर्गातली पोरं काय, संधीच बघत असतात. दुसऱ्या दिवसापासून तिला "वरातवाली" नाव पडलं. एकानं तर विचारलं, "नवरदेव कधी आणून राह्यली?" मोनाली घरी येऊन रडली नाही. तिनं स्टुलावर चढून मला खिळ्यावर टांगलं आणि गृहपाठ करायला बसली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. प्रियाचे ओठ हलायचे थांबले. मोजता मोजता तिला राग आला होता.

"वरातीतली म्हणजे काय? कुठून आली ही धून, बघू तरी." तिनं मोबाईल पुढे धरला. "म्हण गं, तबडक."

मोनालीनं तोंडानं म्हटली. हल्लीचे मोबाईल गुणगुणलेली धून ओळखतात. ह्या मोबाईलनं दोन क्षणांत ओळखली आणि एका गोऱ्या, गुबगुबीत माणसाचं चित्र दाखवलं. रोस्सिनी. इटलीचा. 'विल्यम टेल' नावाचं संगीत नाटक त्यानं १८२९ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आणलं. पडदा उघडण्याआधी वाद्यवृंद जी धून वाजवतो, तिचा शेवटचा भाग म्हणजे आमची घोड्याची धून!

 नागसेन बाजेवरून उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

"म्हंजे... माह्या बापाची, आमच्या अण्णाची न्हाई?"

"नाही, मामा. घोडदळाच्या बँडमध्ये त्यांच्या कानावर पडली असेल."

"बिलकुल न्हाई?"

तातेरावांना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या दिवशी नागसेनच्या तोंडावर ते पुन्हा गेल्यासारखी कळा आली. प्रियाला ते बघवेना. ती घाईघाईनं पुढचं वाचायला लागली, आणि एका ओळीशी थांबली. "मामा, बसा. हे ऐका. ह्या रोस्सिनीचे वडील कोण होते माहीत आहे का? गावाचे तुतारीवाले. नगरपालिकेचे बाजेवाले म्हणा. वाजवायचं काम संपलं की कत्तलखान्याची तपासणी करायचे. आई भाकऱ्या-पाव भाजणाऱ्याची लेक, नाटकात गायची. दोघं वाजवायला-गायला गावोगाव, पोरगं आजीजवळ."

"बाजावाल्याचं पोरगं व्हय!" नागसेननं मांडीवर थाप मारली. "मंग बराबर हाय. त्याच्याबिगर अशी धून सुचतीच न्हाई."

मग मोनालीनं नाटकाची गोष्ट विचारली आणि प्रियानं ती सांगितली. एका देशात जुलमी सुभेदार होता. त्यानं चौकात खांबावर आपली टोपी टांगली आणि हुकूम काढला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं टोपीसमोर वाकायचं.

"टोपीसमोर?" नागसेननं विचारलं. "आत डोकं नसताना?"

"नसताना. आणि हा टेल वाकला नाही. म्हणून सुभेदारानं शिक्षा दिली, तुझ्या पोराच्या डोक्यावर सफरचंद ठेव आणि बाण मारून ते पाड." इथं प्रियाचा आवाज चढला. "आणि त्यानं मारला! लागला असता म्हणजे? पोराच्या आईला कुणी विचारलं का? ती कुठं होती? मी असते तर ते धनुष्य त्या सुभेदाराच्या टाळक्यात हाणलं असतं!"

"मम्मी, बाण सफरचंदालाच लागला."

"लागला म्हणून गोष्ट झाली. नसता लागला तर?"

हे बोलणं मी नीट लक्षात ठेवलं. पुढे मंचावर मला ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी प्रिया मोबाईल घेऊन शाळेत गेली. बद्रीनाथ सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो ताई, आधी सांगायचं ना! ही तर जागतिक दर्जाची रचना आहे!" मोनालीचं नाव यादीत आलं. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं, 'विश्वविख्यात पाश्चात्त्य संगीतरचना'. मित्रांनो, धून तीच, बाजा तोच, पोरगीही तीच. काल ती आमची होती म्हणून मंचावर चढायच्या लायकीची नव्हती. आज गोऱ्याची निघाली म्हणून सर उठून उभे राहिले. माझ्या रागाचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण रंगीत तालमीच्या दिवशी घडलं. मोनालीनं मला ओठाला लावलं तोच सरांनी हात वर केला.

"थांब, थांब. तू वाजवायचं नाही. मूळ रेकॉर्डिंग मिळालंय, परदेशातल्या वाद्यवृंदाचं. ते स्पीकरवर लागेल. तू फक्त तोंडाला लावून उभी राहा. जागतिक दर्जाचं आहे, त्यात खरखर नको." मग प्रियाकडे वळून म्हणाले, "चुकून फुंकर गेली तर घोटाळा होईल. काहीतरी कापड कोंबून आणा त्यात."

मला वाटलं, आता प्रिया यांना सोडत नाही. पण ती म्हणाली, "बरं."

बरं! नंतर घरी तिनं जी कारणं सांगितली ती मी ऐकली. मंच उघड्यावर, धूळ असते, थंडी असते. हजार माणसांसमोर सूर फाटला तर पोरगी आयुष्यभर धसका घेईल. निदान मंचावर पुढे उभी तर राहील. कारणं खोटी नव्हती. घाबरलेल्या आईची कारणं कधीच पूर्ण खोटी नसतात, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही. नागसेन भांडला नाही. तो मला घासायला बसला होता. त्यानं चिंच आणि राखेची वाटी बाजूला सारली.

"घासा ना, मामा. उद्या कार्यक्रम आहे."

"मुक्या बाजाला चमक कशाला पाह्यजे?" असं म्हणून तो हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंचामागे, प्रियानं पिशवीतून तेच दुपटं काढलं. तीच गुंडाळी, तोच अंगठा. यावेळी बाळाच्या तेलाच्या वासानंही माझा राग उतरला नाही.

सगळं परतूर लोटलं होतं. दुसऱ्या रांगेत नागसेन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, तोंड मिटून. पडदा सरकला. निळ्या फ्रॉकमध्ये मोनाली एकटी उभी, मी तिच्या ओठाला. सरांनी खूण केली आणि स्पीकरमधून संगीत सुरू झालं.

आता ऐका. ही पूर्ण रचना जवळजवळ बारा मिनिटांची आहे. तिच्या सुरुवातीला घोडे-बिडे काही नाहीत. मोठ्या पोटाची, बसून गुडघ्यांत धरून गजानं वाजवायची वाद्यं असतात, त्यांना चेलो म्हणतात. ती अगदी हळू, खोल, उदास सुरांत पहाट उगवत असल्यासारखी वाजत राहतात. मग वादळ येतं, मग गुराख्याची शांत धून, आणि घोडे सुटतात ते शेवटच्या तीनेक मिनिटांत. त्यांना सोडायची पहिली हाकही आम्हा तुताऱ्यांचीच असते. पण हे कळायला रचना एकदा तरी पूर्ण ऐकावी लागते. जागतिक दर्जा, जागतिक दर्जा म्हणणाऱ्या सरांनी ती एकदाही ऐकली नव्हती.

चेलो रडायला लागले. पोरगी गाल फुगवून उभी. एक मिनिट झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आरं, कुणी गेलं का काय?" हशा पिकला. "बाजा पंक्चर झालाय!" "धक्का मारा धक्का!" दुसरं मिनिट. सर बाजूनं खेकसत होते, "तशीच उभी राहा! हलू नको!" मोनाली हलली नाही. तिला फुंकर मारू नको म्हणून सांगितलं होतं, आणि ती शहाणी मुलगी होती. तिनं फुंकर मारली नाही. हशा वाढला तसा तिनं श्वासही धरून ठेवला.

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रियाचे ओठ सवयीनं हलत होते, आणि ते मधेच थांबले. मोजायला काही नव्हतं. मोनालीची पाठ वरखाली होत नव्हती. फ्रॉकची बटणं हलत नव्हती. ओठांची कड पांढरी पडली होती. माझ्या वाटीवर ती मला दगडासारखी लागत होती.

प्रिया धावत मंचावर आली. हजार लोकांसमोर. तिनं माझ्या कर्ण्यात हात घातला आणि ते दुपटं खेचून काढलं. लांबच लांब निघत राहिलं, जादूगाराच्या रुमालासारखं. लोक हसायचे थांबले.

"ताई! हे काय लावलंय? कार्यक्रम चालू आहे!" बद्रीनाथ सर मंचावर आले.

"कुठं चालू आहे? माझ्या पोरीचा श्वास बंद आहे इथं!" तिनं दुपटं त्यांच्या हातात कोंबलं. "धरा हे. कोंबायचं तर तुमच्या स्पीकरमध्ये कोंबा."

मग ती गुडघ्यावर बसली आणि लेकीच्या पाठीवर तळहात ठेवला. "श्वास घे. अजून घे. अजून एक." मोनालीनं घेतला. तीन गोट्या चढतील एवढा. प्रिया हळूच म्हणाली, "आता वाजव. तुझी मर्जी असेल तर."

मित्रांनो, तातेरावांचा तो मर्जीचा नियम त्यांच्यानंतर इतका सरळ कुणी कधी उच्चारला नव्हता.

पहिला सूर फाटला. खोटं कशाला सांगू? चांगला फाटला. पण दुसरा लागला, आणि मग ती लांब हाक निघाली, जी तातेराव अडलेल्या घोड्यापुढे मारायचे. स्पीकरवाल्यानं आपणहून आवाज बंद केला. दुसऱ्या रांगेतून, दात नसलेल्या तोंडातून, मांडीवरच्या थापेसकट आवाज आला, "तबडक, तबडक, तबडक डक डक!"

आणि सगळ्यांना ओळख पटली! "आरं, ही तं आपल्या वरातीतली!" एक आजोबा उभे राहिले. कुणाच्या तरी आईनं तोंडाला पदर लावला आणि शेजारणीला कोपर मारलं. त्या मंडपातल्या निम्म्या माणसांची लग्नं ह्याच धुनेवर लागली होती. साऱ्या मंडपानं टाळ्यांनी टापा धरल्या. "वरातवाली" म्हणणारी पोरं सगळ्यात जोरात वाजवत होती. मोनाली तीन वेळा दमली, तीनदा थांबली, तिन्ही वेळा पाठीवरच्या तळहातानं तिला थोपटलं, आणि तिन्ही वेळा ती पुन्हा सुरू झाली. बद्रीनाथ सर हातात बाळाचं दुपटं धरून शेवटपर्यंत तसेच उभे होते.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सगळं छान, अजून राग कशाचा? दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. सरांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'विश्वविख्यात रचनेच्या मूळ ध्वनिमुद्रणावर विद्यार्थिनीने कॉर्नेटवादनाचा सुंदर अभिनय केला.' अभिनय! प्रियानं ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि कपाटाच्या डगमगत्या पायाखाली सारली. कपाट आता डगमगत नाही. बातमी तेवढ्याच कामाची होती.

तो रोस्सिनी ते नाटक लिहून झाल्यावर थांबला, हेही मोबाईलवर होतं. जेमतेम सदतीस वर्षांचा होता. पुढे चाळीसएक वर्षं जगला, पण नवं संगीत नाटक त्यानं लिहिलं नाही. का, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. तो गप्प बसला. त्याला कुणी बोळा कोंबून गप्प बसवलं नव्हतं.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात खिळ्यावर कुणी माझा भाऊबंद टांगलेला असेल तर त्याच्यात फुलं खोचू नका. चिंच-राखेनं घासा, खटक्यांना तेल घाला, आणि कुणाच्या तरी छातीतला श्वास त्याला द्या. सूर फाटला तर फाटू द्या. ते दुपटं आता प्रिया दर रविवारी धुते आणि वाजवून झाल्यावर त्यानंच माझं तोंड पुसते. खिळाही तिनं खाली ठोकलाय, मोनालीच्या हाताला येईल असा.

आणि कधी कुणी तुम्हाला म्हणालं, "तू फक्त तोंडाला लावून उभा राहा, आवाज आम्ही देतो," तर भांडत बसू नका. आपल्या गळ्यातला बोळा काढा, त्याच्या हातात द्या, आणि एक लांब श्वास घ्या.